आधी साल, मग कात्री : जुन्या काळचे पोशाख शिवण्याचा छंद आणि ग्वाल्हेरचे जयेंद्रगंज

ग्वाल्हेर : लष्करातला जयेंद्रगंज हा दुकाने, वाहने आणि गर्दीने गजबजलेला भाग. याच भागात जयविलास महाल आहे. जयाजीराव शिंदे यांच्या काळात, १८७४ मध्ये तो बांधून झाला. १९६४ पासून महालाच्या एका भागात वस्तुसंग्रहालय आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून तिथे मराठ्यांच्या इतिहासाचे वेगळे दालनही आहे. जवळच फूलबागेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जुन्या काळचे पोशाख स्वतः शिवून घालणाऱ्या कुणालाही अभ्यासासाठी यापेक्षा सोयीचा भाग शोधावा लागेल.

मराठी घरांत ऐतिहासिक पोशाखाची हौस नवी नाही. शिवजयंती, गुढीपाडव्याची शोभायात्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नातली मिरवणूक, निमित्त कुठलेही चालते. बहुतेक वेळा पोशाख भाड्याने येतो, चमकतो, फोटो निघतो आणि परत जातो. पण काही जण आता एक पाऊल पुढे जातात. जुनी चित्रे पाहून, कापड शोधून, पोशाख घरी शिवतात आणि मग तो घालून जमण्याचा कार्यक्रमही आखतात. हा छंद नेमका काय आहे, कुठून सुरुवात करायची आणि चुकते कुठे, ते पाहू.

फॅन्सी ड्रेसपेक्षा वेगळे काय?

फॅन्सी ड्रेसमध्ये बघणाऱ्याने पात्र ओळखले की काम झाले. जिरेटोप दिसला की शिवाजी महाराज, हातात तलवार आणि पाठीवर बाळ दिसले की झाशीची राणी. ऐतिहासिक पोशाखाच्या छंदात प्रश्न वेगळा असतो : त्या साली, त्या गावात, त्या ऐपतीच्या माणसाने अंगावर खरेच काय घातले असते?

युरोपात हा छंद चांगलाच रुजला आहे. इंग्लंडमधील बाथ शहरात २००१ पासून जेन ऑस्टेन या लेखिकेच्या नावाने दर सप्टेंबरात महोत्सव भरतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात शेकडो माणसे रस्त्याने चालतात. त्यातल्या अनेकांनी कपडे स्वतः शिवलेले असतात. जॅनेट अर्नॉल्ड या अभ्यासक बाईंनी संग्रहालयातले जुने कपडे मोजून त्यांचे कटिंगचे नकाशे १९६० च्या दशकापासून छापले. त्यामुळे तिथल्या हौशी माणसाला मोजमापाची वही आयती मिळते.

आपल्याकडे अशी वही सहज मिळत नाही, पण परंपरा आहे. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेवर मोठा ग्रंथ लिहिला. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात गांधीजींचा पोशाख वयाबरोबर बदलत जातो : लंडनचा कोट, दक्षिण आफ्रिकेतले कपडे, काठेवाडी पागोटे आणि शेवटी पंचा. माणूस एकच, पण प्रत्येक साली कपडे वेगळे. या छंदाचे मूळ सूत्र हेच.

पहिला प्रश्न : कोणते साल?

ग्वाल्हेरमध्ये याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे राणी लक्ष्मीबाई. जून १८५८ मध्ये त्या ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या. दरवर्षी १८ जूनला समाधीपाशी बलिदान दिन होतो. देशभरात शाळकरी मुलींना ‘झाशीची राणी’ करताना भरजरी नऊवारी, नाकात मोठी नथ, कपाळी चंद्रकोर आणि गळाभर दागिने घालतात. मुलगी गोड दिसते, यात वाद नाही. पण १८५८ सालच्या राणीचे चित्र म्हणून ते कितपत बरोबर?

गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. म्हणजे १८५८ मध्ये लक्ष्मीबाईंना वैधव्य येऊन साडेचार वर्षे झाली होती. जॉन लँग हा वकील १८५४ मध्ये त्यांना झाशीत भेटला. त्याने त्यांचे वस्त्र साधे, पांढऱ्या तलम मलमलीचे असल्याचे लिहिले आहे. दागिन्यांत त्याला फक्त कानातले सोन्याचे दागिने दिसले. दुसरा साक्षीदार आपल्याच मुलखातला. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत अडकले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. राणी कधी पुरुषी वेशात, म्हणजे पायजमा, अंगरखा, डोक्याला पागोटे, कमरेला दुपेटा आणि तलवार अशा असत, तर कधी पांढरे पातळ नेसत, असे त्यातून कळते. शेवटच्या लढाईत त्या घोडेस्वाराच्या वेशात होत्या, असे इंग्रजांच्या बाजूनेही नोंदवले गेले.

म्हणजे १८५८ ची राणी शिवायची तर नथ आणि शालू बाजूला ठेवावा लागतो. पांढरी मलमल किंवा स्वाराचा साधा, मजबूत अंगरखा घ्यावा लागतो. भरजरी पोशाखच हवा असेल तर १८४२ साल निवडावे. त्या साली त्यांचे लग्न झाले. दोन्ही पोशाख खरे, फक्त साल वेगळे.

साल ठरवले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. जून १८५८ मध्ये जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूचे होते. त्यांच्या फौजेचा मोठा भाग राणी आणि तात्या टोपे यांना मिळाला आणि महाराजांना आग्रा गाठावे लागले. म्हणून ‘१८५८ चे ग्वाल्हेर’ असा कार्यक्रम करताना शिंदेशाही पगडीतले सरदार राणीच्या शेजारी हसतमुखाने उभे करून चालत नाही. कोण कुणाच्या बाजूने होते, हे आधी पाहावे लागते. पोशाख शिवता शिवता इतिहास असा हाताखालून जातो, आणि घरातली मुले पाठांतरापेक्षा हे जास्त लक्षात ठेवतात.

पुरावा कुठे शोधायचा?

एका चित्रावर विसंबू नये. तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसली तर ती धरावी.

*तैलचित्रे :* जेम्स वेल्स हा चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने समोर बघून काढली. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पेशवे दरबाराचे मोठे चित्र रंगवले. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. दरबार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाल-सोनेरी झगमगाट येतो. या चित्रांत मात्र पांढऱ्या कापडाचा भरणा आहे. जयविलास संग्रहालयात शिंदे घराण्याची चित्रे पाहतानाही आधी चित्राचे साल वाचावे. माणूस गेल्यावर पन्नास वर्षांनी काढलेले चित्र हा दुय्यम पुरावा.

*छायाचित्रे :* एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही मिळतात. पण जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवू नयेत. त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल पागोटे फोटोत काळपट येते आणि निळे फिके दिसते.

*घरातली पेटी :* १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तेच पुढे लष्कर शहर झाले. दोनशे वर्षांत इथे स्थिरावलेल्या मराठी घरांत आजीचे लुगडे, खणाची चोळी, मुलाची कुंची, जरीची टोपी अजून सापडते. संग्रहालयातला अंगरखा काचेआड असतो. घरचा कपडा मात्र उलटा करून बघता येतो. शिवण कशी घातली, माया किती सोडली, अस्तर कुठे लावले, हे त्याच्यातूनच कळते. असा कपडा घालून बघू नये आणि धुऊही नये. सपाट पसरून मापे घ्यावीत, फोटो काढावेत आणि स्वच्छ सुती कापडात गुंडाळून परत ठेवावा.

कापड : इथेच निम्मे काम

शिलाई साधी असली तरी चालते, कापड चुकले की पोशाख खोटा दिसतो. बाजारात ‘ऐतिहासिक’ म्हणून जे मिळते ते बहुतेक पॉलिस्टर सॅटिन असते. ते अंगाला चिकटते, घामाने भिजते आणि मशाल किंवा पणतीजवळ गेले तर वितळून कातडीला चिकटते. मुलांच्या कपड्यात हा धोका अजिबात घेऊ नये.

ग्वाल्हेर संस्थानात चंदेरी होती. आज ती अशोकनगर जिल्ह्यात आहे. तिथले तलम सूत शिंदे दरबारात पागोट्यांना आणि लुगड्यांना वापरले जाई. २००५ मध्ये चंदेरी कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र आज आपण चंदेरी म्हणतो त्यात बरेचदा रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो. रेशमाचा हा वापर विसाव्या शतकातला. त्याआधीची चंदेरी सुती होती. तेव्हा १७९० चा पोशाख करायचा तर चकाकणाऱ्या चंदेरीपेक्षा चांगली पांढरी मलमल अधिक खरी ठरते, आणि स्वस्तही पडते.

रंगाचेही तसेच. कृत्रिम रंगाचा शोध १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुणाने लावला. त्याआधी रंग नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा, लाख यांपासून निघत. पेशवाईतला पोशाख शिवताना भडक राणी किंवा चमकता पोपटी रंग घेतला तर साल तिथेच फसते.

कापड आणले की कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून इस्तरी करावे. नवे सुती कापड आटते. ही पायरी टाळली तर पहिल्या धुण्यात अंगरखा बंडी होतो.

कट आणि शिवण

जुना मराठी कपडा आजच्या शर्टासारखा कापत नसत. हातमागाचा पन्हा अरुंद, कापड महाग. म्हणून तुकडे सरळ आयताकृती किंवा तिरके त्रिकोणी काढत, कापड वाया जात नसे. अंगाचा मुख्य पट्टा खांद्यावरून पुढे-मागे सलग जाई. घेर हवा तिथे कळ्या जोडत. काखेत छोटा चौकोनी तुकडा घालत, त्यामुळे हात वर केला तरी कपडा ओढत नसे. ढाल-तलवार चालवणाऱ्याला याची गरज होतीच.

बटण आणि चेन इथे नको. बंद हवेत. बाराबंदी हे नावच बारा बंदांवरून आले. मोगली आणि राजपूत लघुचित्रांत जाम्याचे बंद हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे बांधताना दिसतात. चित्र पाहताना ही बाजू टिपून ठेवावी. छापताना चित्र उलटे झाले असेल तर तेही यावरून लक्षात येते.

नवशिक्याने चांगल्या कापडाला लगेच हात घालू नये. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवावा, घालून खाली बसून बघावे, हात वर करून बघावे, मग फेरफार करून खरे कापड कापावे. ४४ इंची पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या माणसाचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा साधारण साडेतीन ते चार मीटरांत बसतो. मोठ्या घेराच्या जाम्याला याच्या दुप्पटही लागू शकते.

शिवणयंत्र वापरावे का? आतल्या लांब शिवणी यंत्रावर घेतल्या तरी कुणाला दिसत नाहीत. गळा, बाहीची कड, काठ यांना हाताने तुरपाई केली तरी पोशाखाचे रूप बदलते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा पोशाख करायचा असेल तर यंत्राची शिवण त्या काळाला धरूनच आहे.

बायकांच्या पोशाखात मुख्य प्रश्न नऊवारीचा. वार म्हणजे ३६ इंच, तेव्हा नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. हल्ली ‘शिवलेली नऊवारी’ मिळते. धावपळीच्या कार्यक्रमाला ती सोयीची आहे, लहान मुलींसाठी तर फारच. पण त्यात लुगडे कापले जाते आणि नेसण्याची रीत हातातून जाते. ब्राह्मणी, मराठा, कोळी, कुणबी अशा प्रत्येक नेसणीत काष्टा, निऱ्या आणि पदर यांची मांडणी वेगळी. ही रीत ठाऊक असलेल्या आज्या आता थोड्या उरल्या. त्यांच्याकडून नेसणे शिकून त्याचा व्हिडिओ घरी ठेवला तरी या छंदाचे मोठे काम झाले म्हणायचे.

डोक्यावर काय?

पोशाख चांगला आणि पगडी चुकीची, हा प्रकार फार दिसतो. फेटा दर वेळी नव्याने बांधतात. पगडी मात्र साच्यावर बांधून, शिवून कायमची तयार केलेली असते. ती करणारे कारागीर पगडबंद. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून सगळीकडे तीच घालतात. पण शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी या पगड्यांचे आकार वेगवेगळे. ग्वाल्हेरचा सरदार पुणेरी पगडीत उभा केला तर लष्करातल्या जुन्या माणसाला ते लगेच खटकते. शिंदेशाही पगडी प्रत्यक्ष बघायची असेल तर दसरा गाठावा. शिंदे घराण्यातले पुरुष आजही पारंपरिक पोशाखात शमीपूजनाला येतात.

पगडी आणि वस्त्रे यांना त्या काळी किती वजन होते, हे भाषेतही उरले आहे. ‘पेशवाईची वस्त्रे मिळाली’ म्हणजे पद मिळाले. १७९२ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुत्लक पदाची वस्त्रे पुण्यात सवाई माधवरावांना समारंभाने दिली.

खर्चाचा हिशेब

छंद म्हणून हिशेब सोडू नये. समजा, कापड, अस्तर, दोरा, पगडी, जोडे मिळून एका पोशाखाला ६,००० रुपये लागले. तसाच पोशाख भाड्याने ८०० रुपयांना मिळतो आणि स्वतःचा पोशाख दर वेळी धुवायला-इस्तरीला १०० रुपये पडतात. म्हणजे प्रत्येक वापरात ७०० रुपये वाचतात आणि नवव्या वापराला पोशाख भाड्यापेक्षा स्वस्त होतो. वर्षातून एकदाच घालणार असाल तर भाड्याचा पर्याय वाईट नाही. चार घरांनी मिळून पोशाख केले आणि अदलाबदल केली तर गणित लवकर जुळते. म्हणून मोठ्यांच्या कपड्यात माया सढळ सोडावी, मुलांच्या कपड्यात खाली दुमड ठेवावी.

कार्यक्रम आखताना

‘ऐतिहासिक वेशभूषेत या’ एवढेच निमंत्रण दिले तर एकाच फोटोत मावळा, पेशवा आणि विलायती कोट शेजारी येतात. त्यापेक्षा एक साल, एक जागा, एक प्रसंग ठरवावा.

पहिल्या प्रयत्नाला ग्वाल्हेरकरांसाठी १९०५ साल सोपे आहे. त्या साली माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला. मेळ्यात सगळ्या थरांची माणसे येणार : धोतर-कोट-पगडीतले कारकून, उपरणे घेतलेले भटजी, टोपी घातलेली शाळकरी मुले, नऊवारी आणि लांब बाह्यांच्या पोलक्यातल्या बायका, व्यापारी, शिपाई. निम्मे कपडे घरातच निघतात, यंत्राची शिवण चालते, फोटोंचा पुरावा मिळतो, आणि मेळा हिवाळ्यात भरतो.

ऋतू फार महत्त्वाचा. १८ जूनला ग्वाल्हेरचे तापमान अनेकदा चाळीसच्या वर असते. तेव्हा अस्तराचा अंगरखा, पगडी आणि कमरबंद घालून मुलांना दुपारी उभे करू नये. कार्यक्रम सकाळी लवकर उरकावा, पाणी आणि सावली आधी बघावी. नऊवारी आणि बंदांच्या कपड्यात स्वच्छतागृहाचा प्रश्न येतो, मदतीला माणूस ठेवावा.

तलवारी लाकडी किंवा बोथट असाव्यात. रस्त्यावरून मिरवणूक असेल तर पोलीस परवानगी आधी घ्यावी. किल्ला, महाल, संग्रहालय अशा ठिकाणी वेशभूषेत फोटो काढायचे तर तिथल्या कचेरीत आधी विचारून घ्यावे. दुसऱ्याच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

आणि कुणाचा पोशाख चुकला असेल तर चारचौघांत बोलू नये. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी सगळ्यांनी आपापला पुरावा सांगावा. कोणते चित्र बघितले, कुठे अडले, काय अंदाजाने केले. पुढच्या वर्षी सगळ्यांचेच कपडे सुधारतात.

राज्य वेगळे, पेटी सारखीच

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांवर सजीव देखावे असतात आणि त्यासाठी गल्लोगल्ली पोशाख जमवले जातात. बडोद्यात गायकवाडी, इंदुरात होळकरी, तंजावरात दक्षिणी वळणाचा मराठी दरबारी पोशाख होता. प्रत्येक ठिकाणी मराठी माणसाने स्थानिक कापड आणि हवा पाहून आपला पोशाख बदलला. म्हणून ‘मराठी ऐतिहासिक पोशाख’ असा एकच साचा नाही. मालिकांमुळे मात्र तसा साचा तयार होत चालला आहे. ग्वाल्हेरच्या मुलाला आपल्या पणजोबांची पगडी कशी होती ते माहीत नसते, पडद्यावरची माहीत असते. बेळगावात, बडोद्यात काही वेगळे नाही.

त्यावर एक साधा उपाय शिवणाऱ्याच्या हातात आहे. पोशाख तयार झाला की आतल्या बाजूला, गळ्यामागे, पांढऱ्या सुती पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने चार गोष्टी लिहून ती पट्टी टाचावी : कोणत्या सालचा पोशाख, कोणत्या गावच्या कोणत्या माणसाचा, कशावरून केला, आणि कोणती गोष्ट अंदाजाने केली. वीस वर्षांनी हाच कपडा कुणाच्या तरी पेटीतून निघेल. काढणाऱ्याला तो खराच जुना वाटू नये, आणि त्यामागची मेहनतही कळावी, म्हणून ही पट्टी.